फोटोशेजारी काडेपेटी ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतलं ‘ओळखा पाहू’ हे फोटोवरून प्राणी ओळखायचं कोडं आमच्याकडे राशिभविष्याच्याही आधी वाचलं जातं. वाघ-बिबट्यांचं कौतुक सोडून तुम्ही खवल्या मांजर, कांडेचोर, चिखलातले खेकडे असल्या मंडळींचे फोटो देता त्याबद्दल आधी मनापासून थँक्यू. पण मागे एकदा दगडावर बसलेली एक तपकिरी पाल छापली होतीत, बास, फोटो कुठला, कधी काढला, पाल बोटाएवढी की वीतभर काही म्हणजे काही नाही, आणि पुढच्या रविवारी खाली उलट्या अक्षरांत उत्तर काय तर ‘दुर्मिळ पाल’. अहो ते तर आम्हालाही दिसत होतं ना!

मी काही प्राणिशास्त्र शिकलेली नाही, पण हा खेळ आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बरीच वर्षं चालू आहे म्हणून थोडं कळतं. सुरुवात झाली आमच्या भावोजींमुळे. ऐन पावसाळ्यात रात्री नऊच्या सुमारास त्यांनी कोकणातल्या गावाकडून फोटो टाकला, पडवीच्या पायरीशी काहीतरी लांबट, चकचकीत, जांभळट काळं वळवळतंय. झालं, सापांची एकेक नावं सुरू. मांडूळ, दुतोंड्या (म्हणजे तेच), वाळा, खापरखवल्या, एका भाच्याने नुसतंच ‘ईऽऽ’, आणि जाऊबाई म्हणाल्या आधी मीठ टाका मग बघू काय ते. कुणीतरी मोबाईलमधल्या ॲपला विचारलं तर त्याने इकडे सापडतच नाही असल्या कुठल्यातरी सापाचं नाव सांगितलं. मी म्हटलं भावोजी, शेजारी काडेपेटी ठेवा आणि शेपटीचा एक फोटो काढा, हात लावू नका. काडेपेटी ठेवल्यावर कळलं की हे साधारण पाच काडेपेट्या लांब आहे, म्हणजे नेहमीचा वाळा बाद, तो जेमतेम वीतभर असतो. शेपटी आखूड आणि बोथट, खापरखवल्याची कशी तिरकी कापल्यासारखी खरखरीत असते तशी नाही. मांडुळाची बोथट असते, पण मांडुळाला खवले असतात आणि हे तर ओलंगिच्च, खवले दिसतच नाहीत, अंगावर गांडुळासारखी वळी. डोळे असून नसल्यासारखे, पण झूम केल्यावर जबडा चक्क दिसला, आणि गांडुळाला कुठला आलाय जबडा? म्हणजे देवगांडूळ! साप नाही, गांडूळ नाही, बेडकाच्या भाऊबंदातला बिनपायाचा प्राणी. बेडकासारखीच ओली कातडी, मीठ पडलं असतं तर तडफडून मेलं असतं. भावोजींनी सुपलीत घेऊन पोफळीच्या बागेत नेऊन सोडलं.

आता यात ओळखलं कशाने ते बघा. काडेपेटी, शेपटी, पावसाळा आणि कोकण. हे चार नसते तर आम्ही अजून मांडूळ-मांडूळच करत बसलो असतो. (आणि मांडूळ हे नाव ग्रुपवर फिरणंही धोक्याचंच, विकायला निघालेल्या टोळ्या पकडल्याच्या बातम्या तुम्हीच छापता.)

महिना का हवा तर साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावरचा तो सुप्रसिद्ध सरडा घ्या. 2016 साली त्याला शास्त्रीय नाव मिळालं सरडा सुपर्बा, म्हणजे पहिलं नाव आपल्या मराठीतलंच उचललंय, मला हे कळलं तेव्हा मी दिवसभर सगळ्यांना सांगत सुटले होते. उन्हाळ्यात त्याचा नर दगडावर चढून गळ्याखालचा निळा-काळा-नारिंगी पंखा फुलवतो, तो फोटो असला तर शेंबडं पोरही ओळखेल. पण पंखा मिटलेला असला किंवा फोटो मादीचा असला तर तो चारचौघांसारखा मातकट सरडा. असा फोटो दिलात तर निदान खाली ‘सातारा, मे महिना’ एवढं तरी लिहा.

आणि तुमच्या त्या पालीबद्दल. सह्याद्रीतल्या दगडांवरच्या त्या गोल बुबुळांच्या छोट्या पालींमध्ये अलीकडे कितीतरी नव्या जाती निघाल्यात, त्या वेगळ्या करायला अंगावरचे खवले आणि नराच्या मांडीखालची बारीक छिद्रं मोजावी लागतात, काही वेळा डीएनएही बघतात. वरून काढलेल्या एका फोटोत हे कुठून दिसणार! मग ‘पाल आहे, त्या गटातली आहे, पुढचं फोटोवरून सांगता येत नाही’ असं कुणी लिहून पाठवलं तर त्याला चूक देऊ नका, पूर्ण मार्क द्या. माझ्या मते तेच त्या दिवशीचं बरोबर उत्तर होतं. उत्तर देतानाही नुसतं नाव नको, कशावरून ओळखलं आणि कशाशी घोळ होतो ते दोन ओळीत द्या, जागा नसेल तर राशिभविष्यातून काढा.

फक्त एक, ठिकाण म्हणजे वाडीचं नाव नको. खवल्या मांजराच्या मागे लोक कसे लागतात माहितीये ना, तालुका लिहिलात तरी पुष्कळ झालं.

आमच्याकडे आता पोरांना काहीही वळवळताना दिसलं की आधी काडेपेटी शोधतात. गेल्या आठवड्यात गॅसजवळची काडेपेटी दोन दिवस सापडेना, सगळं घर पालथं घातलं, तर विहिरीच्या कठड्यावर भिजून लगदा झालेली मिळाली आणि शेजारी ही एवढी मोठी गोगलगाय. फोटो मात्र कुणीच काढला नव्हता.

– एक वाचक, ता. संगमेश्वर