जर्जरित घरांची पाहणी दिवाळीआधी करा

प्रति,
संपादक

स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की बडोद्याच्या जुन्या शहरात जर्जरित घरांवर महापालिकेच्या नोटिसा लागतात. रावपुरा, दांडिया बाजार, मांडवी, पाणीगेट, कुठेही जा, मजकुराचा सूर एकच: घर उतरवून घ्या, नाहीतर काही झालं तर जबाबदारी तुमची. ही नोटीस जीपीएमसी ॲक्टच्या (गुजरातच्या महापालिकांसाठीच्या कायद्याच्या) कलम २६४ खाली निघते. त्या कलमात पाडणं, आधार देऊन सुरक्षित करणं आणि दुरुस्त करणं असे तीनही मार्ग दिलेले आहेत. व्यवहारात पहिलाच उरतो, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे नोटिशीची वेळ.

चुन्यात बांधलेलं, सागवानी सांगाड्याचं घर मे महिन्यात दुरुस्तीला काढता येत नाही. एक भाग चुना आणि तीन भाग वाळू असा गिलावा सावकाश धरतो, त्याला निदान आठ-दहा दिवस ओलं ठेवावं लागतं. उन्हाळ्यात तो धरायच्या आत सुकतो आणि बोटाने खरवडला तरी भुगा होतो. पावसात धुऊन जातो. तुळई बदलायची तर वरचं छप्पर उघडावं लागतं, ते जूनच्या तोंडावर कोण उघडणार? या कामाचा हंगाम दिवाळी ते होळी. म्हणून पाहणी ऑक्टोबरमध्ये व्हावी, नोटीस दिवाळीच्या आसपास हातात पडावी आणि काम मार्चपर्यंत आटोपावं, ही आमची पहिली मागणी आहे. तिला नवा कायदा लागत नाही, जादा पैसाही लागत नाही.

ऑक्टोबरच्या पाहणीचा दुसरा फायदा असा की ओल तेव्हा दिसते. मे महिन्यात भिंती सुकलेल्या असतात, वर चुन्याचा हात फिरलेला असतो, आणि रस्त्यावरून पाहणाऱ्याला फक्त भेगा आणि झुकलेला सज्जा दिसतो. या घरांचा भार मुख्यतः खांब आणि तुळया घेतात. मधली वीट भरावाची असते. तेव्हा भिंतीला भेग आहे म्हणून घर पडेलच असं नाही, आणि ताज्या रंगाचं घर आतून पोकळ असू शकतं. खरी जागा म्हणजे तुळईचं टोक भिंतीत शिरतं ते ठिकाण. तिथे पेचकस दाबून पाहावा. लाकूड निरोगी असेल तर पेचकसाचं टोक वरच अडतं. कुजलं असेल तर हाताच्या जोरानेच आत जातं आणि ओलसर तपकिरी भुसा बाहेर येतो. हातोडीने ठोकल्यावर बद्द आवाज आला तर वाळवी धरा. ही तपासणी घरात शिरून, प्रत्येक मजल्यावर करावी लागते. नोटिशीबरोबर अशा मजलावार तपासणीचा कागद जोडलेला नसेल तर मालकाने नेमकं काय दुरुस्त करायचं?

टोक कुजलं म्हणून सगळी तुळई जात नाही. खाली टेकू देऊन भार उचलायचा, कुजका भाग निरोगी लाकडापर्यंत कापायचा, नवा सागवानी तुकडा जोडून दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या बोल्टने आवळायच्या. अशी कामं करणारे सुतार कमी उरलेत हे खरं, पण काम मिळालं तर ते टिकतील.

लाकूड कुजतं ते पाण्याने, आणि पाणी कुठून येतं हे पाहिलं तर निम्मा दोष घरातला निघतो, निम्मा रस्त्यावरचा. घरातला म्हणजे वरच्या मजल्यावर नंतर काढलेलं न्हाणीघर, त्याची गळकी पाइप, गच्चीवरची हजार लिटरची टाकी (भरली की एक टन वजन एका कोपऱ्यावर), आणि चुन्याच्या भिंतीवर चढवलेला सिमेंटचा गिलावा. सिमेंट भिंतीतली ओल बाहेर पडू देत नाही, मग ती वर चढत तुळईच्या टोकापर्यंत जाते.

रस्त्यावरचा दोष मात्र महापालिकेनेच निस्तरायचा आहे. जुना थर न खरवडता त्यावर नवा थर टाकत गेल्याने अनेक गल्ल्यांत रस्ता जोत्याच्या बरोबरीला आला आहे. जिथे पायऱ्या चढून ओट्यावर जायचं तिथे आता पावसाचं पाणी उंबऱ्याशी उभं राहतं. त्यात गल्लीत भिंतीपासून भिंतीपर्यंत काँक्रीट ओतलं की जमिनीतल्या ओलीला वर यायला एकच वाट राहते, घराची भिंत. उपाय साधे आहेत. डांबराचा नवा थर टाकण्याआधी जुना तेवढाच खरवडून काढायचा. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी रस्त्याच्या पातळीची कायम खूण करायची आणि निविदेत ती पातळी लिहायची. काँक्रीट भिंतीपासून फूटभर अलीकडे थांबवून मधल्या पट्टीत ब्लॉक बसवायचे, उतार गल्लीच्या मध्याकडे ठेवायचा. आणि हे सगळं ड्रेनेज आणि पाण्याच्या लाइनी तपासून झाल्यावर. आधी रस्ता, मग खोदकाम हा क्रम उलटा व्हायला हवा. दर्शनी भागांना रंग आणि दिवे लावण्यावर खर्च होतो तेव्हा आम्हाला म्हणूनच वाईट वाटतं. जमिनीखालची गळती तशीच असेल तर तो रंग एका पावसाचा धनी.

सामाईक भिंतीकडे तर कोणाचंच लक्ष नसतं. पोळांतली (जुन्या शहरातल्या दाट वस्तीच्या गल्ल्यांतली) घरं एकमेकांच्या आधाराने उभी आहेत. मधलं एक उतरवलं की शेजारच्या घराची कधीही पावसात न भिजलेली कच्ची बाजू उघडी पडते आणि बाजूचा आधारही जातो. त्या रिकाम्या जागी आरसीसीच्या पायासाठी पाच-सहा फूट खोदलं की शेजाऱ्याचा उथळ पाया सुटतो. पुढच्या वर्षी नोटीस त्या घराला. घर पाडायची परवानगी देताना शेजारच्या भिंतीला आडवे टेकू, उघड्या बाजूला गिलावा आणि पाया एका वेळी थोड्या थोड्या लांबीतच खोदायचा, अशा अटी घालून त्या जागेवर जाऊन तपासल्या पाहिजेत.

तांबेकर वाड्याच्या आसपास तर ही नोटीस फारच जपून द्यायला हवी. तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाखाली संरक्षित आहे. २०१० च्या कायदादुरुस्तीनंतर अशा वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही. तिथे १९९२ पूर्वीच्या घराची फक्त दुरुस्ती करता येते, तीही राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या मंजुरीने. त्यापुढच्या २०० मीटरमध्येही ती मंजुरी लागतेच. म्हणजे १०० मीटरच्या आत घर एकदा उतरवलं की ती जागा रिकामीच राहणार. तिथल्या प्रत्येक नोटिशीत दुरुस्तीचा पर्याय आधी आणि ठळक छापला जावा, आणि मंजुरीचा अर्ज वॉर्ड ऑफिसातच भरून घेण्याची सोय व्हावी.

दुरुस्तीची परवानगी अडते ती सह्यांवर. प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचं नाव असतं, वारसाई झालेली नसते, एक भाऊ पुण्यात, दुसरा अमेरिकेत. फ्लॅटच्या इमारतींसाठी गुजरातने २०१८ मध्ये कायदा बदलून २५ वर्षांवरच्या इमारतीला ७५ टक्के सभासदांच्या संमतीने पुनर्विकासाची वाट दिली. अविभक्त वाड्याला अशी वाट नाही. प्रधानमंत्री आवास योजनेतली स्वतःचं घर बांधण्याची मदतही जागा नावावर असल्याशिवाय मिळत नाही. मालकी ठरवणं महापालिकेच्या हातात नाही हे मान्य, पण तुळई बदलणं, छप्पर शाकारणं, गिलावा करणं याने मालकी बदलतही नाही. अशा कामाला राहणाऱ्याचा अर्ज, वेरापावती (घरपट्टीची पावती) आणि हमीपत्र एवढ्यावर रजाचिठ्ठी (परवानगीपत्र) मिळावी, ठरलेल्या दिवसांत. नाहीतर तीन-चार वारसांना कंटाळवून त्यांचे हिस्से एकत्र केले जातात, खाली दुकानं येतात आणि राहती माणसं गोत्री, मांजलपूर, वाघोडिया रोडकडे जातात. गाव जागेवर राहतं, वस्ती उठते.

भाडेकरूंची स्थिती याहून अवघड. घर पडल्यावर त्यांच्याकडे हक्काचा पुरावा म्हणून भाडेपावती आणि लाइटबिल उरतं, किती चौरस फूट जागा होती याची नोंद कुठेच नसते. घर रिकामं करवताना महापालिकेने प्रत्येक कुटुंबाच्या ताब्यातल्या खोल्या मोजून, मजला आणि क्षेत्रफळ लिहून, फोटोसह पंचनामा करावा आणि त्याची प्रत त्या कुटुंबाला तिथल्या तिथे द्यावी. नगररचना योजनांत दुर्बल घटकांच्या घरांसाठी १० टक्क्यांपर्यंत जमीन राखण्याची तरतूद १९७६ च्या कायद्यातच आहे. तिथे बांधलेल्या घरांपैकी काही, शक्यतो जुन्या शहराला जवळची, दुरुस्ती चालू असेपर्यंत तात्पुरतं राहायला ठेवता येतील. मुलांची शाळा मोडणार नसेल तर लोक घर रिकामं करायला तयार होतात. धोका कळूनही ते आत राहतात, कारण जायचं कुठे हे ठरलेलं नसतं.

शेवटची मागणी टेकूंची. कमी-जास्त करता येणारे लोखंडी टेकू, लाकडी फळ्या आणि पाचरी यांचा साठा जुन्या शहरातल्या प्रत्येक वॉर्ड ऑफिसात असावा. तुळई खचल्याची तक्रार आली की त्याच दिवशी खालून आधार लागावा. टेकू तळमजल्यापासून सर्व मजल्यांवर एकाखाली एक, सरळ रेषेत लावायचे असतात. फक्त वरच्या मजल्यावर लावले तर भार खालच्या फरशीवर येतो. खर्च मालकाच्या वेऱ्यात हप्त्यांनी वसूल करावा. येत्या अंदाजपत्रकात यासाठी स्वतंत्र रक्कम ठेवावी, अशी आयुक्त आणि स्थायी समितीला आपल्या पत्राद्वारे विनंती.

आपले,
बांधकाम आणि नगररचनेच्या क्षेत्रात काम केलेले काही वाचक
दांडिया बाजार, बडोदे