दाखवायचे पैसे, खर्चायचे पैसे

इचलकरंजी
१७ मे २०२६

चि. गायत्रीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू चिडलीस, मग माझाही आवाज चढला. पप्पा म्हणाले, तुम्ही दोघी फोनवर बोलूच नका, लिहा. म्हणून रविवारची दुपार बघून बसले आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्यातुकड्यांनी पाठवलं तर सोयीचं तेवढं वाचशील, म्हणून हे सलग लिहितेय.

तुझ्या लीड्सच्या शिक्षणासाठी ब्रिटनचा व्हिसा काढून देणाऱ्या त्या एजंटाचा प्रस्ताव आधी पुन्हा मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीवर भांडतोय हे तरी कळेल. तो तुझ्या खात्यावर पंधरा लाख ठेवणार, अठ्ठावीस दिवस झाले आणि स्टेटमेंट निघालं की काढून घेणार, आणि मधल्या दिवसांची टक्केवारी कापणार. वर मला म्हणतो, "सगळेच करतात मॅडम, याला फंड पार्किंग म्हणतात." समोरची बाई बँकेत कर्जाच्या टेबलावर बसते हे तू त्याला सांगितलं नव्हतंस, ते बरं केलंस. नाहीतर इतकं मोकळेपणानं बोलला नसता.

नियम काय आहे ते बघ. युनिव्हर्सिटीकडून कॅस, म्हणजे प्रवेश पक्का झाल्याचं पत्र, आलं की त्यात पहिल्या वर्षाची फी किती आणि त्यातली भरलेली किती, हे लिहिलेलं असतं. उरलेली फी आणि नऊ महिन्यांचा राहण्याखाण्याचा खर्च, एवढे पैसे आपल्याकडे आहेत हे दाखवायचं. लंडनमध्ये शिकणाऱ्यासाठी महिन्याला १,५२९ पौंड धरतात, लंडनबाहेर १,१७१. तुझं लीड्स, म्हणजे नऊ महिन्यांचे १०,५३९ पौंड. रुपयांत साडेबारा-तेरा लाख. ही रक्कम सलग अठ्ठावीस दिवस खात्यात हवी, एक दिवससुद्धा खाली उतरलेली चालत नाही. आणि स्टेटमेंटची शेवटची तारीख ऑनलाइन अर्जाची फी भरण्याच्या आधीच्या एकतीस दिवसांतली हवी.

तू म्हणतेस ही नुसती फॉर्मॅलिटी आहे. मला तसं वाटत नाही, आणि त्याला कारण माझं टेबल आहे. आपल्याकडच्या कितीतरी यंत्रमागवाल्यांची कॅश क्रेडिट खाती, म्हणजे माल तारण ठेवून ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे उचलायची खाती, मी बघितली आहेत. स्टॉक इन्स्पेक्शनला येतोय असं आधी कळवलं की काही जणांचं गोदाम त्या दिवशी बरोबर भरलेलं असायचं. मी पहिल्यांदा ताग्यांवरचा शिक्का बघायची. शिक्का शेजारच्या कारखान्याचा असला की मालक चहा मागवायला धावायचा. दोन दिवसांनी न सांगता गेलं की गोदामात फक्त कुत्रं झोपलेलं. त्या खात्यांचं पुढं काय झालं ते तुझ्या पप्पांना विचार, त्यातले निम्मे त्यांचे मित्र आहेत. पार्किंगचे पंधरा लाख म्हणजे शेजारच्याचे तागेच. स्टेटमेंट निघाल्यावर ते जातील, आणि नोव्हेंबरात लीड्सला खोलीचं भाडं द्यायची वेळ येईल तेव्हा तुझ्या खात्यात काय असेल? तिथं मी नसेन, आणि तो एजंटही फोन उचलणार नाही.

तो म्हणाला पार्टटाइमवर सगळं निघतं. हिशोब करूया. टर्म चालू असताना आठवड्याला वीस तासांपलीकडे काम करता येत नाही. या एप्रिलपासून एकवीस वर्षांवरच्यांना तिथं किमान वेतन ताशी १२.७१ पौंड आहे. म्हणजे सगळेच्या सगळे तास मिळाले तर आठवड्याला २५४ पौंड. पण गेल्या गेल्या काम मिळतंच असं नाही, परीक्षेच्या आठवड्यात कोणी करत नाही, आणि तू तिथं लॅबमध्ये उभी राहायला चालली आहेस. मिळालं तर भाजीपाल्याला नि फिरायला होईल. भाडं त्यावर धरायचं नाही.

आणि पकडलं गेलं तर? व्हिसा अधिकाऱ्याला पैशांबद्दल शंका आली तर तो बँकेकडे चौकशी करू शकतो, आणि एकदम जमा झालेली मोठी रक्कम कुठून आली हेही विचारू शकतो. नुसता कागद कमी पडला म्हणून नकार आला तर तो कागद लावून पुन्हा अर्ज करता येतो. फसवणूक केली म्हणून नकार आला तर दहा वर्षं ब्रिटनचं दार बंद होऊ शकतं. शिवाय उद्या जर्मनीचा काढ, अमेरिकेचा काढ, आधी कधी व्हिसा नाकारला होता का हा रकाना येतोच. तो भरताना एजंट शेजारी नसतो, सही तुझीच असते.

आता आपल्याकडे खरंच काय आहे ते सांगते. हे काल तू ऐकूनच घेतलं नाहीस.

फीसाठी कर्ज मंजूर आहे. पण पहिल्या मंजुरीपत्रात 'तारणाची नोंद पूर्ण झाल्यानंतर रक्कम वितरित केली जाईल' असं एक वाक्य होतं. बँकेच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे, आम्हीही तसंच लिहितो. पण ब्रिटनवाल्यांना कर्जावर व्हिसा मिळण्याखेरीज दुसरी कुठलीही अट चालत नाही, आणि पैसे तू निघण्यापूर्वी उपलब्ध होतील किंवा थेट युनिव्हर्सिटीला जातील हेही पत्रात स्पष्ट लागतं. म्हणून घराचं गहाणखत आम्ही आधीच उरकून घेतलं आणि ते वाक्य काढून नवीन पत्र मागितलं. पत्र अर्जाच्या तारखेला सहा महिन्यांच्या आतलं हवं, तो प्रश्न नाही. घर गहाण ठेवलं म्हणून तू मनाला लावून घेशील हे मला माहीत आहे, तर घेऊ नकोस. गहाण ठेवता यावं म्हणूनच त्याचे कागद इतकी वर्षं नीट ठेवले होते.

राहण्याखाण्याचे पैसे माझ्या बचत खात्यात. तू विचारलंस पप्पांच्या खात्यातून का नाही, त्यांची तर एवढी उलाढाल असते. अगं, ते कॅश क्रेडिट आहे. त्यात दिसते ती मर्यादा, शिल्लक नव्हे. ओव्हरड्राफ्ट ब्रिटनवाल्यांना चालत नाही, आणि चालूही नये. सोनं, शेअर चालत नाहीत. मुदत ठेव लगेच मोडता येत असेल तर चालते, पण मी मोडूनच टाकली, उगाच अधिकाऱ्याला ठेवीच्या अटी वाचायला कशाला लावायच्या? आजोबांनी तुझ्या नावानं साठवलेले पैसे पतसंस्थेत होते. पतसंस्थेवर रिझर्व्ह बँकेची देखरेख नसते, आणि ब्रिटनचा नियम म्हणतो की पैसे ठेवलेली संस्था त्या देशाच्या नियामकाखाली हवी. आजोबांना हे पटवताना माझा घसा बसला. त्यांचं म्हणणं, चेअरमन आपला माणूस आहे, पत्र देईल. शेवटी दिले.

११ मेला सगळे पैसे माझ्या खात्यात आले. म्हणजे ७ जूनला अठ्ठावीस दिवस पुरे होतात. तो रविवार आहे, म्हणून मी ८ तारखेला शिक्क्यानिशी स्टेटमेंट घेणार. त्यानंतर ९ जुलैपर्यंत तुला अर्जाची फी भरायला मुभा आहे. तोवर कॅस आलं नाही तर नवीन तारखेचं स्टेटमेंट काढू, पैसे कुठं पळत नाहीत. रक्कम गरजेपेक्षा लाखभर जास्तच ठेवली आहे, कारण ते अर्जाच्या दिवसाच्या विनिमय दरानं रूपांतर करतात. महिनाभरात पौंड दोन-चार रुपयांनी वर गेला की काठावरची माणसं गळतात. हे मी परकीय चलनाच्या टेबलावर असताना बघितलं आहे.

खातं माझं असल्यामुळे तुझा जन्मदाखला आणि माझं संमतीपत्र लागतं. आणि इथं एक मजा झाली आहे. तुझा जन्म मिरजेचा, पहिलं बाळंतपण माहेरी. दवाखान्यात मला आणलं तुझ्या मामानं, नाव सांगितलं त्यानं, म्हणून दाखल्यात आईचं नाव आहे 'शोभा'. माझं पासबुक, पॅनकार्ड, आधार सगळं 'मनीषा', कारण लग्नात तांदळावर अंगठीनं तेच नाव काढलं होतं. लीड्सची फाइल बघणाऱ्या माणसाला शोभा आणि मनीषा या दोन बाया वाटणार, त्याची काय चूक? आपल्याकडे घरटी एक बाई अशी सापडेल.

यावर एजंटानं काय सुचवलं असेल? "नवीन दाखला काढून देतो, महापालिकेत ओळख आहे." मी उत्तर दिलं नाही. लग्नाचा दाखला आहे, त्यात लग्नापूर्वीचं आणि नंतरचं दोन्ही नावं आहेत. तो मराठीत आहे, म्हणून प्रमाणित भाषांतर करून घेतलं. भाषांतर अचूक असल्याचं विधान, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही, तारीख, संपर्क हे सगळं त्यावर हवं, नुसता शिक्का पुरत नाही. सोबत दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, आणि तुझ्याकडून चार ओळींचं साधं स्पष्टीकरण. पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि सून घरात येताना नाव बदलायची पद्धत होती, एवढंच लिही. जास्त इंग्रजी झाडू नकोस.

इंग्रजी झाडण्यावरून आठवलं. एजंटानं तुला लिहून दिलेला एसओपी, म्हणजे हाच कोर्स का करायचाय ते सांगणारा निबंध, मी वाचला. "लहानपणापासून मला फॅशनच्या जगाचं आकर्षण होतं." कुणाला? तुला? दिवाळीला ड्रेस घ्यायला तुला ओढून न्यावं लागतं! युनिव्हर्सिटीनं ते वाचून ऑफर दिली की तुझे मार्क बघून, देव जाणे. पण व्हिसासाठी व्हिडिओवर मुलाखत लागू शकते, सगळ्यांना नाही, काहींना. त्यात विचारतात हाच कोर्स का, हेच गाव का, दुसऱ्या कुठल्या युनिव्हर्सिट्या बघितल्या, पैसे कोण देतंय, पुढे काय करणार. तिथं तू पाठ केलेली फॅशन सांगायला लागलीस तर तिसऱ्या प्रश्नाला अडकशील.

तुझ्याकडे खरं उत्तर आहे, ते का लपवतेस? विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इथं पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून हे गाव कापडावर जगतं. त्याच कापडाच्या प्रोसेसचं रंगीत पाणी पंचगंगेत जातं. शेवटच्या वर्षाला तू बाटल्या घेऊन नाल्यावर जायचीस आणि त्या आपल्या फ्रिजमध्ये ठेवायचीस, मी ओरडायची. ते सांग. लीड्सची युनिव्हर्सिटी ज्या यॉर्कशायर कॉलेजातून वाढली ते १८७४ चं, आणि कापड आणि रंगाई हे तिथले जुने विषय, कारण ते गावही लोकरीच्या गिरण्यांवर मोठं झालं. इचलकरंजीची पोरगी रंगाईच्या पाण्याचं शिकायला लीड्सला जाते, यात कुणाला काय खोटं वाटेल?

पुढं काय करणार या प्रश्नालाही ब्रोशरमधलं उत्तर देऊ नकोस. त्यात अजून 'कोर्सनंतर दोन वर्षं' छापलेलं आहे. १ जानेवारी २०२७ पासून ग्रॅज्युएट रूटला, म्हणजे शिकून झाल्यावर तिथं राहून काम करायच्या व्हिसाला, अर्ज करणाऱ्यांना अठरा महिनेच मिळणार, पीएचडीवाल्यांना तेवढी तीन वर्षं. तुझा कोर्स २०२७ च्या सप्टेंबरात संपतो, म्हणजे तुला अठरा. कर्जाचे हप्ते कोर्सनंतर एका वर्षानं सुरू होतात. म्हणजे त्या अठरातल्या बाराव्या महिन्याला पहिला हप्ता. हे आकडे तुझ्या डोक्यात असू देत, भीती म्हणून नव्हे, नोकरी कधीपासून शोधायची ते ठरवायला.

बाकीची कामं किरकोळ आहेत. टीबीचं सर्टिफिकेट ब्रिटनवाल्यांनी मान्य केलेल्या दवाखान्यातूनच घ्यायचं, छातीचा एक्स-रे काढतात, ते सहा महिने चालतं. आपल्या डॉक्टरांचं चालणार नाही, त्यांना वाईट वाटलं तरी. बोटांचे ठसे पुण्यातच देता येतात, मुंबईला जायची गरज नाही. हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेची फी, वर्षाला ७७६ पौंड आहे, पण तुझा व्हिसा कोर्सच्या पुढंमागं धरून सतरा महिन्यांचा होईल, म्हणून दीड वर्षाचे ११६४ जातील. ते अर्जाबरोबरच कापतात, माझं कार्ड वापर.

एजंटाला जे ठरलं होतं ते देऊन टाकू, बुडवायचं नाही. अर्ज आपण दोघी भरू. मी फॉर्म वाचेन, तू टाइप कर. पुढच्या शनिवारी ये. येताना मार्कशीट ओरिजिनल आण, मागच्या वेळसारखी झेरॉक्स नको, आणि बारावीचीही आण.

आणि आजोबांना आजच फोन कर. पतसंस्थेतून ठेव काढल्यापासून त्यांना वाटतंय पैसे लंडनला गेले. ते स्टँडजवळच्या शाखेतच आहेत, मी रोज सांगते. तू सांगितलंस तर खरं वाटेल.

तुझी,
आई