नव्या पिल्लाला आणि जुन्या मांजराला थोडा वेळ द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सुरू झाला की जिन्याखाली, गाड्यांच्या बॉनेटमध्ये आणि वाहनतळाच्या कोपऱ्यांत आईपासून ताटातूट झालेली मांजरीची पिल्ले सापडू लागतात आणि अनेक सहृदय माणसे ती उचलून घरी नेतात. ज्यांच्या घरी आधीपासूनच एखादे मांजर आहे, अशा कुटुंबांसाठी हे पत्र लिहीत आहे. कारण ‘आमच्या मांजराला ते सहन होत नाही’ असे सांगून ही पिल्ले दोन-चार दिवसांत पुन्हा खाली सोडली जाताना मी आमच्याच सोसायटीत पाहिली आहेत.

गेल्या ऑगस्टमध्ये हीच चूक माझ्या हातूनही होणार होती. दोन महिन्यांचा भिजलेला बोका घरी आणला आणि त्याच संध्याकाळी आमच्या सात वर्षांच्या मांजरीपुढे ठेवला. ती शेपटी फुगवून फिस्कारली, कपाटावर जाऊन बसली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिने अन्नाला तोंड लावले नाही. मांजराने, विशेषतः अंगाने भरलेल्या मांजराने, दोन-तीन दिवस खाणे सोडले तर यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकते, हे मला पशुवैद्यांकडून तेव्हा कळले. त्यांच्याच सल्ल्याने आम्ही पिल्लाला आतल्या खोलीत ठेवून सारे पहिल्यापासून सुरू केले.

अशा प्रसंगी लोक हसून ‘सवतीमत्सर’ म्हणतात. मला तो शब्द त्या मुक्या जिवावर अन्याय करणारा वाटतो. मांजराला माणसापेक्षा घराची ओढ अधिक, असे आपल्याकडे म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. गाल, हनुवटी आणि कपाळ दाराच्या चौकटीला, सोफ्याला, आपल्या पायांना घासून मांजर आपला गंध तिथे ठेवत असते आणि त्या ओळखीच्या गंधातच त्याला सुरक्षित वाटते. त्या घरात अचानक परका वास आणि परका जीव आला की त्याला वाटते ती भीती. म्हणूनच ओळख आधी नाकाने, मग कानाने आणि सर्वांत शेवटी डोळ्यांनी व्हावी लागते.

आम्ही जुन्या पंच्याचा तुकडा पिल्लाच्या गालांवरून फिरवून मांजरीच्या नेहमीच्या जागेपासून थोड्या अंतरावर ठेवत असू आणि तिचा कपडा पिल्लाकडे. पहिल्या दिवशी ती नुसत्या कापडावर फिस्कारली, पाचव्या दिवशी हुंगून शांतपणे निघून गेली. दोघांच्या वाट्या बंद दाराच्या दोन बाजूंना ठेवून रोज थोड्या जवळ आणल्या, पुढे दोघांच्या खोल्यांची काही वेळ अदलाबदल केली आणि मग दारात जाळीची चौकट बसवून त्यांना एकमेकांना पाहू दिले. ज्यांचे घर एका खोलीचे आहे त्यांना चादरीने झाकलेला मोठा पिंजराही चालतो. मांजर फिस्कारले म्हणून त्याला ओरडू किंवा मारू नये, कारण त्या शिक्षेची आठवण ते नव्या पिल्लाशीच जोडते. झुंज लागलीच तर मध्ये हात न घालता जाड टॉवेल किंवा पुठ्ठा घालावा. शी-शूच्या वाळूचे ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एकाने अधिक, म्हणजे दोघांसाठी तीन असावेत. आमच्याकडे तिसरा ट्रे ठेवल्यावर मांजरीचे गादीवर लघवी करणे थांबले.

सुरुवातीचे सुमारे दोन आठवडे वेगळे ठेवण्यामागे आरोग्याचेही कारण आहे. रस्त्यावरच्या पिल्लाच्या अंगात पॅनल्युकोपेनियासारख्या, मांजरांमध्ये झपाट्याने पसरणाऱ्या रोगाचा विषाणू दडलेला असू शकतो, जो लस न घेतलेल्या मांजरांसाठी अनेकदा प्राणघातक ठरतो आणि घरात कित्येक महिने टिकून राहतो. म्हणून पिल्लाची तपासणी, जंतनाशक आणि लसीकरण व्हावे, जुन्या मांजराच्या लसी पूर्ण आहेत ना हेही पाहावे आणि योग्य वयात दोघांची नसबंदी करून घ्यावी.

पाळलेला प्राणी उपाशी-तहानलेला राहील अशा स्थितीत टाकून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, 1960 च्या कलम 11 नुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी त्यात 10 ते 50 रुपये एवढाच दंड आहे आणि तो आता वाढायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या घरी हे सारे जुळून यायला चोवीस दिवस लागले. त्या दोघांची गळामिठी झालेली नाही. दुपारी दोघेही एकाच दिवाणाच्या दोन टोकांना झोपतात आणि मांजरी पुन्हा पूर्वीसारखी जेवते. काही मांजरांना याहून अधिक, अगदी काही महिनेही लागू शकतात, तेव्हा दुसऱ्याच दिवशी निर्णय घेऊ नये. आपल्या वृत्तपत्राने पावसाळ्याच्या तोंडावर पशुवैद्यांकडून या विषयावर सविस्तर माहिती लिहून घेऊन छापावी, अशी माझी नम्र विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक, पुणे