हिवाळी उड्डाणं : सभासदांना सूचना

सभासदहो, नदीकाठच्या वावरांवर पहाटे धुकं बसू लागलंय. दृश्यमानता ५ किलोमीटर होईपर्यंत विमान शेडबाहेर काढू नये. रोटॅक्स ९१२ इंजिनाचं तेल ५० अंशांवर आल्याशिवाय पूर्ण थ्रॉटल देऊ नका. दमट हवेत कार्बोरेटरमध्ये बर्फ १५ अंशांनाही धरतो, बाहेरून दिसत नाही. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) आपोआप उतरू लागले की आधी तोच संशय घ्या. अर्ध्या टाकीत रात्री पाणी साचतं, म्हणून टाकी भरून ठेवा, सकाळी तळातलं पाणी काढा. पंखांवरचं दव पुसा.

तूर, हरभऱ्याच्या ओढीनं रोही (नीलगाई) धावपट्टीवर येतात. उड्डाणाआधी मोटारसायकलनं एक फेरी माराच, ही हात जोडून विनंती. संक्रांतीच्या दिवसांत मांजा असतो, गावांवरून खाली उडू नका.