पीसीआरचं पेटंट आणि गरम पाण्याचं कुंड

मा. संपादक,

कोरोनात आपण सगळ्यांनी नाकात काडी घालून जी आरटीपीसीआर टेस्ट केली, त्यातली पीसीआर पद्धत, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या लाखो प्रती काढायची पद्धत, एकेकाळी पेटंटखाली होती हे किती जणांना माहीत असेल? कॅरी मुलिस यांना ती १९८३ मध्ये सुचली तेव्हा ते अमेरिकेत सीटस कंपनीत होते, १९८७ ला पेटंट मिळालं आणि १९९१ मध्ये रोश या औषध कंपनीने पीसीआरचे हक्क ३० कोटी डॉलरला विकत घेतले. पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो या प्रती बनवणारा टॅक नावाचा एन्झाइम, कारण प्रत काढण्याआधी डीएनएचे दोन धागे सुटे करायला दर वेळी ९५ डिग्रीपर्यंत तापवावं लागतं, त्यात साधा एन्झाइम मरतो आणि टॅक टिकतो. तो ज्या जिवाणूतून आला तो थॉमस ब्रॉक या शास्त्रज्ञांना अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कच्या गरम कुंडात सापडला, त्यांनी तो सार्वजनिक संग्रहात देऊन टाकला, पार्कला मात्र रॉयल्टीचा एक पैसा मिळाला नाही. हे मला पटत नाही.

मूळ पेटंटची मुदत २००५ मध्ये संपली म्हणून बरं, कोरोना त्याआधी आला असता तर?

पेटंट नकोच असं माझं म्हणणं नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने जीन जोडायच्या कोहेन-बॉयर पद्धतीचं लायसन्स मागेल त्या कंपनीला दिलं, विद्यापीठांतल्या संशोधकांकडून काहीच घेतलं नाही, तरी कमाई भरपूर झाली. आपल्या सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांनी लॅबच्या पद्धतींसाठी हाच नियम करावा ना!

– एक निवृत्त लॅब टेक्निशियन, मिरज