कॉकटेलमध्ये सिरपऐवजी साखरांबा घाला

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुण्यातील हॉटेलांत कॉकटेलची यादी लांबत चालली असली, तरी तिच्यातील फळांची चव बहुतेक वेळा रंगीत सिरपच्या बाटलीतून येते, हे मला मनापासून खटकते. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मंडईत ढिगांनी येत असताना, ऐन फेब्रुवारीत, कोरेगाव पार्कातील एका हॉटेलात स्ट्रॉबेरीच्या नावाखाली मला लाल सिरपच मिळाले. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळवणाऱ्या आणि दर उन्हाळ्यात साखरांबा-गुळांबा घालणाऱ्या या जिल्ह्याला असल्या उसन्या गोडव्याची गरज नाही.

कॉकटेलमध्ये मुरंबा घालण्याची रीत काही नवी नाही. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलातील हॅरी क्रॅडॉक यांनी १९३० मध्येच जिन, लिंबाचा रस आणि संत्र्याचे मार्मालेड (सालीसकट केलेला मुरंबा) यांच्या कॉकटेलची कृती प्रसिद्ध केली होती. मुरंब्यात गोडी, आंबटपणा आणि फळाचा गर एकत्र असतो, शिवाय फळातील पेक्टिनमुळे पेयाला अंगचा दाटपणा येतो. मात्र आपल्याकडील मानकानुसार जॅममध्ये विद्राव्य (पाण्यात विरघळणारे) घटक किमान ६५ टक्के असावे लागतात आणि त्यात मोठा वाटा साखरेचा असतो, म्हणून वरून पाक अजिबात घालू नये.

साखरांब्याच्या कॉकटेलसाठी ६० मिलिलिटर जिन, २० मिलिलिटर लिंबाचा रस आणि एक मोठा चमचा साखरांबा हे प्रमाण मला योग्य वाटते. साखरांबा आधी लिंबाच्या रसात नीट मोडून घ्यावा, कारण बर्फ अगोदर पडला की पाक घट्ट होऊन तळाशी बसतो. मग जिन व बर्फ घालून, भांडे हाताला गार लागेपर्यंत जोराने हलवून, चहाच्या गाळणीने गाळावे. कैरीचा कीस गाळणीत राहतो आणि केशर-वेलचीचा वास पेयात उतरतो. (तो कीस टाकू नये, खावा.) गुळांब्याशी जिनचे जमत नाही, त्याला गडद रमच हवी, रम उसाच्या मळीची आणि गूळही उसाचाच, त्यामुळे दोन्ही छान मिळून येतात. मद्य न घेणाऱ्यांनी सोडा वापरावा, चव तितकीच खुलते.

शहरातील हॉटेलचालकांनी निदान एक-दोन कॉकटेले तरी अशी करावीत आणि मुरंबा कोणत्या फळाचा व कोठला, हे यादीत छापावे, अशी माझी विनंती आपण त्यांच्यापर्यंत पोहोचवावी.

आपला,
एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे