हक्क मागणाऱ्यांच्या घरातलं हक्कसोडपत्र

मा. संपादक,
स.न.वि.वि.

महिला दिनाच्या पुरवणीसाठी आपण वाचकांना विचारलं होतं की स्त्रियांच्या हक्कांचा विचार तुमच्या मनात पहिल्यांदा कशामुळे आला, पुस्तकामुळे, सिनेमामुळे की मोर्चामुळे? पुरवणी येऊन गेली. उत्तर पाठवायची मुदतही टळली. तरी लिहिते आहे, कारण त्या प्रश्नाचा विचार करता करता मी आमच्या कपाटातल्या दोन हक्कसोडपत्रांपाशी, बहिणींनी भावांसाठी जमिनीतला वाटा सोडल्याच्या कागदांपाशी, येऊन थांबले, आणि तेव्हापासून मला स्वस्थ बसवत नाही.

मी मूळची निपाणीची. आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. संध्याकाळी घरी यायची तेव्हा भुवया, पापण्या, लुगड्याचे काठ, सगळं तपकिरी झालेलं असायचं. आम्ही भावंडं जवळ गेलो की शिंकायला लागायचो, म्हणून ती आधी मोरीत जायची आणि मगच आम्हाला कुशीत घ्यायची. १९८०च्या आसपास वखारीतल्या बाया संघटित होऊ लागल्या. मजुरीचा प्रश्न होता आणि वागणुकीचाही. आई सभांना जायला लागली. वडील तिला अडवायचे नाहीत, पण ती येईपर्यंत उपाशी बसायचे, आणि आल्या आल्या चुलीपुढे तिनंच बसायचं. पहिल्या मोर्चाला निघताना तिनं ट्रंकेतलं ठेवणीतलं लुगडं काढलं. मी विचारलं, मोर्चाला चांगलं कशाला नेसतेस? ती म्हणाली, "वखारीला जुनेरं चालतंय. हितं आपलं म्हणणं सांगाय जायचं हाय."

त्या बायांवर 'युगांतर' नावाच्या गटानं १९८२ साली 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा माहितीपट केला. त्यात वखारीतल्या बायाच आपल्यावर गुजरलेलं करून दाखवतात. आई गेल्यानंतर किती तरी वर्षांनी एका शिबिरात मी तो पाहिला. पडद्यावरच्या गर्दीत मी तिला शोधत राहिले. ती दिसली नाही, पण पदर खोचण्याची तीच तऱ्हा चार-पाच जणींची होती. तेव्हा आपल्या प्रश्नाचं खरं उत्तर आई हेच आहे. बाकीचं नंतर आलं.

त्याच १९८२ साली 'उंबरठा' आला. मी तेव्हा बेळगावात वसतिगृहात राहून शिक्षिकेचं शिक्षण घेत होते. आम्ही सात-आठ जणी मिळून गेलो. स्मिता पाटीलची सुलभा महाजन घर सोडून महिलाश्रमाच्या नोकरीवर जाते, परत येते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते, आणि ती पुन्हा बाहेर पडते. रात्री जेवणाच्या पंगतीत आमचं कडाक्याचं भांडण झालं. विषय एकच, पोटच्या मुलीला टाकून ती गेलीच कशी? नवऱ्याचं काय, हे आमच्यातल्या एकीनंही विचारलं नाही. मीही विचारलं नाही. ज्या बाईची आई लुगडं नेसून मोर्चाला गेली होती, तिच्याही डोक्यात ते आलं नाही, याचं मला आज फार वाईट वाटतं.

तो प्रश्न ताराबाई शिंद्यांनी बरोबर शंभर वर्षं आधी विचारून ठेवला होता. १८८२चं 'स्त्री-पुरुष तुलना' आमच्या हाती आलं ते स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रकाशात आणलं म्हणून. सुरतेच्या एका विधवेला कोर्टानं शिक्षा ठोठावली, सगळीकडून स्त्रीजातीवर चिखलफेक सुरू झाली आणि बुलढाण्याच्या या बाईनं लेखणी उचलली. दोष बाईचाच कसा काय, पुरुषाच्या पदरात काहीच कसं नाही, असा तिचा सवाल. मी ते पुस्तक शाळेच्या दुपारच्या सुट्टीत वाचलं. राग येण्यासाठी परवानगी लागत नाही, हे मला त्या पुस्तकानं शिकवलं.

इंदिरा संतांचंही सांगायला हवं, त्या तर आपल्या बेळगावच्या. विद्यार्थिनींना मी त्यांच्या कविता शिकवल्या, रसग्रहणात 'विरहभावना' हा शब्द शंभर वेळा लिहून घेतला. पण १९४६ मध्ये पती गेल्यावर तीन मुलं पदरात घेऊन, या गावात नोकरी करून एका बाईनं घर कसं उभं ठेवलं असेल, हे मी वर्गात एकदाही बोलले नाही. कविता शिकवली आणि पगार आणणारी बाई गाळली. आता पुन्हा शिकवायला मिळालं तर तिथून सुरुवात करीन.

आता ते कागद.

वडील २००३ मध्ये गेले. मागे दीड एकर काळी जमीन. २००७ मध्ये भाऊ म्हणाला, "अक्का, बँकेचं कर्ज काढायचं हाय, उताऱ्यावर माझं एकट्याचं नाव लागाय पायजे. तेवढी हक्कसोडाची सही कर." मी रजा टाकून गेले. बाँड रायटरनं कागद कन्नडमध्ये तयार ठेवला होता. मला कन्नड बोलता येतं, पाट्या वाचता येतात, पण कचेरीचं कन्नड कळत नाही. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीनं बारीक फुल्या मारलेल्या होत्या. मी फुल्यांवर सह्या केल्या. बावीस वर्षं मुलांना 'वाचल्याशिवाय सही करू नका' असं सांगणारी मी. घरी वहिनीनं पुरणपोळी केली होती, मोरपंखी जरीकाठाची साडी नेसवून ओटी भरली. १९९१ मध्ये 'माहेरची साडी' पाहताना आमच्या गावातल्या बायांसोबत मीही पदर ओला केला होता. त्या दिवशी माहेरची साडी अंगावर घेऊन एसटीत बसले आणि खरं सांगते, मला आनंदच झाला होता. माहेर टिकलं, असं वाटलं. भावाला मी दोष देत नाही. त्यानं विचारलं, मी दिलं. मात्र काय दिलं ते मला ठाऊक नव्हतं.

ते ठाऊक झालं खूप उशिरा. कर्नाटकानं १९९४ मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळलं. माझं लग्न १९८६चं. ९ सप्टेंबर २००५च्या केंद्रीय दुरुस्तीनं ही लग्नाची अट गेली. मग वाद निघाला की त्या तारखेला वडील हयात नसतील तर काय? हा वाद ज्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे गेला तो मुळात आपल्या बेळगावच्या कोर्टात १९९२ साली एका मुलीनं घातलेला वाटणीचा दावा होता. २०१५ मध्ये न्यायालय म्हणालं, वडील हयात असायला हवेत. ऑगस्ट २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठानं ते मत रद्द केलं, मुलीचा हक्क जन्मापासूनचा, वडील त्या दिवशी असोत वा नसोत. आणि वडिलांच्या स्वतःच्या हिश्श्यात मुलीला वारस म्हणून भाग तर १९५६च्या कायद्यापासून आहेच. आपल्याच कोर्टातून निघालेल्या खटल्याची ही हकिकत आपल्याच गावांतल्या बायांना माहीत नाही. ज्या जिल्ह्यात कित्तूरच्या चन्नम्मानं १८२४ मध्ये दत्तक वारस नाकारला म्हणून इंग्रजांशी लढाई केली, त्या जिल्ह्यातली ही गोष्ट.

दुसरा कागद माझ्या सासरच्या घरातला. तो माझ्या नणंदेनं सही केलेला. त्या दिवशी पुरणपोळी मी केली होती. साडीही मीच आणली होती, दुकानात तासभर घालवून, तिला आवडणाऱ्या रंगाची. म्हणजे मी सही केलीही आणि करवून घेतलीही. पहिल्या कागदाबद्दल बोलायला मला सोपं जातं. हा दुसरा कागद आजवर मी कुणापुढे काढला नव्हता.

काही वर्षांपूर्वी सीमाभाग कर्नाटकात गेल्याचा निषेध म्हणून पाळल्या जाणाऱ्या एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत आम्ही दोघी शेजारी शेजारी चालत होतो, दोघींच्या अंगावर काळ्या साड्या. "बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" ही घोषणा ती माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात देत होती. पुढे भाषणात मागणी आली की आम्हाला उतारे आणि परिपत्रकं मराठीत द्या, जो कागद वाचता येत नाही त्यावर आमचं आयुष्य कसं चालायचं? टाळ्या पडल्या. तिनंही वाजवल्या. मग माझ्याकडे वळून अगदी साधेपणानं विचारलं, "वैनी, मी सही केलेल्या कागदात काय लिवलंतं हो?"

तिच्या विचारण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मला उत्तर देता आलं नाही.

घरी आल्यावर मी यजमानांपुढे विषय काढला. दोन दिवस ते बोलले नाहीत. मुलगा जास्त भडकला. आत्यानं मागितलेलं नसताना आपण का द्यायचं, असं त्याचं म्हणणं. नणंदही तयार होईना, "भावाबरोबर वाईटपणा नको" म्हणून तिचीच आडकाठी. दीड वर्ष गेलं. शेवटी दहा गुंठे तिच्या नावे केले. कागदावर त्याला बक्षीसपत्र म्हणावं लागलं, कारण नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र असं सहज मागे फिरत नाही. तिच्या हक्काच्या जमिनीला 'बक्षीस' लिहिताना मला लाज वाटली. नोंदणीच्या आधी आम्ही तो कागद घरात मोठ्यानं वाचला. माझी नात कन्नड माध्यमात शिकते. ती एकेक ओळ कन्नडमधून वाचायची आणि मराठीत सांगायची. नणंद डोळे मिटून ऐकत होती. 'चतु:सीमा' आल्या तेव्हा तिनं थांबवलं आणि म्हणाली, पूर्वेला ओढा न्हवं, जांभळीचं झाड धरायचं. कागदातली ती चूक आमच्या कुणाच्याच लक्षात आली नव्हती. बांधावरच्या खुणा आम्हा सगळ्यांपेक्षा तिला जास्त पाठ होत्या.

संपादक महोदय, सीमालढ्यावर माझी निष्ठा आहे आणि पाय चालतात तोवर मी फेरीत चालणार. म्हणूनच फेरीतल्या माझ्या भावांना विचारते, मराठीत कागद मागणारे आपण आपल्या बहिणीपुढे कन्नड कागदावर पेन्सिलीच्या फुल्या का ठेवतो? कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी इथल्या साहित्य संमेलनांत ग्रंथदिंडीपुढे डोक्यावर कलश घेऊन बाया उन्हात चालतात. त्यांच्यासाठी मांडवात एक तास ठेवा, वकिलाला बसवा आणि हक्कसोडपत्र, वाटणीपत्र, मृत्युपत्र, आरटीसी उतारा (म्हणजे कर्नाटकातला सातबारा) हे कागद मराठीत वाचून दाखवा. महिला मंडळांच्या हळदीकुंकवातही हे करता येईल. वाणात प्लास्टिकचा डबा देण्याऐवजी कोऱ्या हक्कसोडपत्राची मराठी प्रत द्या. ती वाचूनही जिला भावासाठी सोडायचं असेल तिनं खुशाल सोडावं, तो तिचा अधिकार आहे.

आपल्याकडे एक विनंती आहे. वर सांगितलेल्या दोन्ही हक्कसोडपत्रांच्या प्रती माझ्याकडे आहेत. नावं आणि सर्व्हे नंबर खोडून त्या मी कार्यालयात आणून देईन. मूळ कन्नड मजकूर आणि शेजारी मराठी भाषांतर असं आपण छापावं, जमल्यास रविवारच्या अंकात, कारण त्या दिवशी माहेरवाशिणी घरी आलेल्या असतात. माझ्या कागदाचं भाषांतर नातीनं पूर्ण केलं आहे. नणंदेच्या कागदाचं चालू आहे, परीक्षा संपली की तेही होईल.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
बेळगाव तालुका